पदवी नव्हती, वही होती

मॅट्रिक कसंबसं पास, कॉलेज अर्धवट, ऐन तिशीत नोकरी गेलेली. तरीही हा माणूस देशातला सगळ्यात मोठा पक्षीशास्त्रज्ञ झाला. डॉ. सलीम अली यांची गोष्ट शहापूर-मुरबाडच्या बायोलॉजीवाल्यांनी तर वाचायलाच हवी. कारण त्यांनी जिथून धडा घेतला, ते पुस्तक तुमच्या विहिरीवर लटकतंय.

पाऊस लागला की मुरबाडहून टोकावड्याकडे जाताना भातखाचरांच्या कडेला बघा. विहिरीवर झुकलेल्या शिंदीला, नाहीतर बाभळीला गवताचे खोपे लोंबत असतात. आसनगाव, आटगाव, खर्डीच्या पट्ट्यातही तेच. सुगरणीचे खोपे. वाळून खाली पडलेला खोपा घरी आणून टांगला नाही, असं पोर इकडे शोधून सापडणार नाही.

पण कॉलेजात गेलं की त्या खोप्याचा आणि आपल्या बायोलॉजीचा काही संबंध असेल, हे डोक्यातही येत नाही. बायोलॉजी म्हणजे लॅब, फॉर्मलिनच्या बरण्या, स्लाइड, चार्ट आणि सीनिअरकडून मिळालेलं जर्नल. खोपा राहतो विहिरीवर.

१९३० मध्ये एक बेकार माणूस याच खोप्यांसमोर तासन् तास बसला आणि त्याने जे पाहिलं, ते तोवर कुणी नीट पाहिलंच नव्हतं. त्याच्याकडे झूलॉजीची पदवी नव्हती. नियम असा होता की पदवी नसेल तर सरकारी नोकरी नाही. हा माणूस म्हणजे सलीम अली.

एका चिमणीपासून सुरुवात

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई. भावंडांत सगळ्यात धाकटा. वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामींनी त्याला खेतवाडीतल्या घरात वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला एअरगन दिली आणि पोरगा चिमण्या टिपत फिरू लागला.

एक दिवस त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी? मामा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी सलीमला तिथे पाठवलं. १८८३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे मानद सचिव होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. त्यांनी ती रानचिमणी ओळखली. पण शाळकरी पोराला नाव सांगून वाटेला लावलं नाही. कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. पक्ष्याची कातडी कशी सोडवायची, ती कशी टिकवायची, हे पुढे त्याला तिथेच शिकायला मिळालं.

आणखी एक गोष्ट तिथे शिकायला मिळाली, ती म्हणजे चिठ्ठी. प्रत्येक नमुन्याच्या पायाला बांधलेली छोटीशी चिठ्ठी. पक्षी कुठे मिळाला, कुठल्या तारखेला, कुणाला. ती नसेल तर कितीही सुंदर पक्षी असू दे, अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही. ठिकाण आणि तारीख लिहायची ही सवय सलीम अलींनी आयुष्यभर सोडली नाही. त्यांच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

वर्गात मन नाही, जंगलात भूक नाही

अभ्यासात हा मुलगा काही चमकला वगैरे नाही. त्यातून डोकेदुखीचं दुखणं मागे लागलं. शाळा अधूनमधून बुडायची, काही काळ तर हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे जाऊन राहावं लागलं. १९१३ मध्ये तो मॅट्रिक पास झाला, तेही जेमतेम. सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातलं, पण पहिल्याच वर्षी तिथून पाय काढला.

घरच्यांचा ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, टॅव्हॉय इथे वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. १९१४ मध्ये सलीमची रवानगी तिकडे झाली. धंद्यात तो फार काही करू शकला नाही. आजूबाजूला मात्र घनदाट जंगल होतं आणि पक्षी होते. कामावरून लक्ष उडायला आणखी काय लागतं!

१९१७ मध्ये तो मुंबईला परतला. आता काहीतरी पोटापाण्याचं शिकायला हवं म्हणून दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकू लागला. इथे त्याला योग्य वेळी योग्य शिक्षक भेटले. सेंट झेवियर्समधले फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्वतः वनस्पतीशास्त्रातले मोठे अभ्यासक होते. पोराचा ओढा कुठे आहे हे त्यांनी ओळखलं आणि झूलॉजी शिकायला लावलं. सकाळी दावर्समध्ये हिशेबाच्या वह्या, नंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, अशी दुहेरी धावपळ सुरू झाली. अभ्यासक्रम झाला, पण रीतसर बीएस्सीची पदवी काही हातात पडली नाही. मधल्या काळात, डिसेंबर १९१८ मध्ये, तेहमिना यांच्याशी लग्न झालं.

पदवी नसल्याचा फटका लवकरच बसला. झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षीशास्त्रज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. पक्षी ओळखता येतात, नमुने तयार करता येतात, नोंदी आहेत, पण कागद नाही. आज इंटरव्ह्यूला जाऊन परत येणाऱ्या कुणालाही हे कळेल.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागात गाइड लेक्चररची जागा मिळाली. पगार महिना ३५० रुपये. काम असं की प्राण्या-पक्ष्यांच्या दालनात आलेल्यांना सगळं समजावून सांगायचं. पण काचेमागच्या पक्ष्यांबद्दल बोलता बोलता सलीम अलींना स्वतःलाच जाणवू लागलं की आपलं शिक्षण अपुरं आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पदवीशिवाय मोठे झाले, म्हणजे शिकल्याशिवाय मोठे झाले, असा अर्थ काढू नका. १९२८ मध्ये रजा काढून ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे तिथल्या म्युझियममध्ये, एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांना पकडून पायात कडं घालायचं आणि त्यांच्या स्थलांतराचा माग काढायचा, हे तंत्रही शिकले. मेलेल्या पक्ष्याची लांबी-रुंदी मोजण्यापलीकडे जिवंत पक्षी कसा जगतो, हाही शास्त्राचाच विषय आहे, ही दृष्टी त्यांना तिथे पक्की मिळाली.

नोकरी गेली, किहीम मिळालं

१९३० मध्ये परत येऊन बघतात तर म्युझियमकडे पैसे नाहीत म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली. वय तेहतीस-चौतीस, परदेशी प्रशिक्षण घेतलेलं आणि हातात काम नाही. मुंबईत राहणं परवडेना. मग नवरा-बायको दोघं अलिबागजवळच्या किहीमला समुद्रकाठच्या घरात राहायला गेले.

किहीम तेव्हा साधं खेडं. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, एवढंच. पावसाळा आला, खोपी विणायला सुरुवात झाली आणि सलीम अली वही-पेन्सिल घेऊन समोर बसले.

सुगरण काही दुर्मीळ पक्षी नाही. हजारो लोकांनी तो रोज पाहिला होता. म्हणूनच त्याच्याबद्दल कथाही भरपूर होत्या. खोप्यात मातीचे गोळे चिकटवलेले सापडतात. त्या गोळ्यांत सुगरण काजवे अडकवते आणि घरात उजेड करते, असं लोक सांगायचे. अर्धवट विणून सोडून दिलेले खोपे कशासाठी, याचेही नाना तर्क चालायचे. एक नर, एक मादी आणि त्यांचा सुखी संसार, असा सगळ्यांचा समज.

सलीम अलींनी तर्क बाजूला ठेवले. कुठला खोपा कधी सुरू झाला, किती विणून झाला, मादी कधी आली, नर त्यानंतर कुठे गेला, याच्या नोंदी ठेवत गेले. हळूहळू चित्र वेगळंच दिसू लागलं.

विणतो तो नर. मराठीत आपण सुगरण म्हणतो आणि बाईचं कौतुक करतो, पण हे विणकाम करणारा पिवळ्या टोपीचा नर असतो. गवताच्या, भाताच्या, ताड-शिंदीच्या पात्याला चोचीने खाच पाडायची आणि उडता उडता लांब धागा सोलून काढायचा. अशा शेकडो फेऱ्या. पहिल्यांदा फांदीला गाठ, मग कडं, मग हेल्मेटसारखा अर्धा खोपा. इथे नर थांबतो.

मग माद्या येतात. नर पंख फडफडवत, कलकलाट करत आपापल्या खोप्याची जाहिरात करतात. माद्या आत शिरून, बाहेर येऊन, नीट तपासणी करतात. एखादीला घर पसंत पडलं की ती ते ताब्यात घेते. त्यानंतर नर अंड्यांची जागा आणि खाली येणारी लांब नळी पुरी करतो. मादी आत मऊ अस्तर घालते, अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर काय करतो? शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. तो दुसरीला पसंत पडला तर तिसरा. एकाच मोसमात एकामागून एक असे त्याचे अनेक संसार होतात. आणि ते अर्धवट लोंबणारे खोपे? त्यातले बरेचसे माद्यांनी नापसंत केलेले. काजव्यांच्या दिव्याचा तर पत्ताच नव्हता.

१९३१ मध्ये हा अभ्यास सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि पक्षीशास्त्राच्या जगात सलीम अलींचं नाव झालं. महागडं यंत्र नव्हतं, दुर्मीळ पक्षी नव्हता. रोज त्याच जागी जाणं आणि रोज लिहिणं, हीच काय ती पद्धत. एक दिवस जाऊन फोटो काढणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. कारण आजचा खोपा आणि परवाचा खोपा यांच्यात काय घडलं, हाच तर प्रश्न होता.

खर्च द्या, पगार नको

पोटाचा प्रश्न उरलाच होता. त्यावर सलीम अलींनी अजब तोडगा काढला. संस्थानांमधल्या पक्ष्यांची नीट पाहणी झालेली नव्हती. ती आपण करू, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या, पगार नको, असा त्यांचा प्रस्ताव होता. हैदराबादपासून सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. तंबू, बैलगाड्या आणि सोबत तेहमिना. मुक्कामाची सगळी व्यवस्था त्या बघायच्या. त्यांच्या साथीशिवाय ही वर्षं निभलीच नसती. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अली त्यानंतर बहिणीच्या घरी राहिले आणि काम करत राहिले.

१९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणूस चित्र बघून पक्षी ओळखू लागला. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडी ग्रंथ झाला. मोटरसायकलचं वेडही कायम होतं बरं का. १९५० मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरात आंतरराष्ट्रीय परिषद होती. वय त्रेपन्न. साहेबांनी आपली सनबीम बोटीतून युरोपला नेली आणि तिच्यावर बसून परिषदेला हजर झाले.

त्या काळी नमुने गोळा करण्यासाठी पक्षी मारावे लागत आणि सलीम अलींनीही ते मारले. त्यांनी ही गोष्ट कधी झाकून ठेवली नाही. आज मात्र तसं करायची गरज नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीही नाही. आज दुर्बीण आहे, मोबाइलचा कॅमेरा आहे. चिठ्ठी मात्र तीच, ठिकाण आणि तारीख लिहिलेली.

त्या चिठ्ठ्यांची किंमत किती असते? १९३३ मध्ये त्यांनी त्रावणकोर-कोचीनची पाहणी केली. पाऊणशे वर्षांनी, २००९ मध्ये, केरळचे अभ्यासक त्याच ठिकाणी पुन्हा गेले आणि काय बदललं ते ताडून पाहिलं. जुन्या नोंदी होत्या, म्हणूनच हे जमलं.

पदवी मागून आली

ज्या माणसाला पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली, त्याच्या हाताखाली पुढे मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी संशोधन करू लागले. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक व्ही. सी. आंबेडकर. त्यांचा विषय काय होता? सुगरण. किहीमला सुरू झालेला धागा विद्यार्थ्याने पुढे विणला. अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सलीम अलींना मानद डॉक्टरेट दिली. १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण. १९७६ मध्येच ५० हजार डॉलरचा जे. पॉल गेटी पुरस्कार मिळाला, तो पैसा त्यांनी निसर्ग संवर्धनाच्या निधीला देऊन टाकला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. १९८७ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले.

तानशाच्या जंगलातला पाहुणा

त्यांच्या हयातीत एका पक्ष्याची खात्रीशीर नोंद कुणालाच करता आली नव्हती. तो म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर तो जणू गायबच झाला. १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, तेव्हा सलीम अलींना जाऊन दहा वर्षं झाली होती. आणि २०१४ मध्ये त्याची नोंद झाली तानसा अभयारण्यात. होय, आपल्या शहापूरला लागून असलेल्या जंगलात. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाभोवतीच्या सागाच्या रानात, लोकल स्टेशनपासून फार लांब नसलेल्या ठिकाणी, हा पक्षी राहत होता. दिवसाउजेडी फिरणारा पिंगळा. पण तो पिंगळा वेगळा आहे हे ओळखायला बघणारा लागतो आणि सिद्ध करायला नोंद लागते.

आता नव्या शैक्षणिक धोरणात फिल्ड प्रोजेक्टला क्रेडिट आहेत. ते नेटवरून उतरवलेल्या वीस पानांवरही मिळवता येतील. पण शहरातल्या कॉलेजला बस ठरवून, परवानग्या काढून, एका दिवसासाठी जिथे यावं लागतं, तिथे तुम्ही रोज राहता. माळशेजच्या पायथ्याची वाडी, भातसाचा काठ, माहुलीच्या खालचं रान हे तुमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. गावातल्या ठाकर, कातकरी जाणत्यांना कुठला पक्षी कुठे घरटं करतो हे तोंडपाठ असतं. ते तुमच्या फिल्डचे पहिले सर.

आणि वेळ थोडा आहे. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला. शेतांचे प्लॉट होतायत, बांधावरची शिंदी तोडली जातेय, विहिरी बुजतायत. आज कुठल्या विहिरीवर किती खोपे होते हे कुणी लिहिलं नाही, तर वीस वर्षांनी काय गेलं हेसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. हे काम लॅबमध्ये बसून होणार नाही आणि बाहेरून कुणी येऊन करणारही नाही.

यंदाच्या पावसाळ्यात करून बघा

- घराजवळची किंवा कॉलेजच्या वाटेवरची सुगरणीची एकच वसाहत निवडा. झाडाचं नाव आणि जागा लिहून ठेवा.
- झाडाचं कच्चं चित्र काढून प्रत्येक खोप्याला नंबर द्या. नंबर वहीत, झाडावर नाही.
- जून ते सप्टेंबर, आठवड्यातून किमान तीन दिवस, एकाच वेळी अर्धा तास बसा. तारीख, वेळ, पाऊस की ऊन हे आधी लिहा.
- डोक्यावर पिवळा तो नर, चिमणीसारखी मळकट ती मादी. खोपा गाठ, कडं, अर्धा की पूर्ण, मादी आत गेली का, एवढंच टिपा. अंदाज वेगळ्या पानावर.
- अंतर ठेवा. फांदी ओढायची नाही, खोपा काढायचा नाही, आत हात घालायचा नाही. विहिरीच्या कठड्यावर तर अजिबात बसू नका, पावसात दगड निसरडे असतात.
- शेत ज्यांचं त्यांना आधी विचारा. बहुतेक वेळा परवानगीसोबत चहा आणि त्या झाडाची चाळीस वर्षांची माहिती मिळते. तीही लिहून घ्या, तारखेसकट.